पहिल्या पानाचं मीठ

१२ जानेवारी १९५८, रविवार

मुलुंडच्या त्या खानावळीवर लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. मधुकरनं आज ते मोडलं.

दुपारी घरी आला. रविवारची पुरवणी तो बघतो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण साहेब तोच. चहा घेता घेता म्हणाला, "नाना, मुलुंडहून पत्रांवर पत्रं येतायत. तुमच्या 'सहकुटुंब' सदरात गोरेगाव झालं, घाटकोपर झालं, बोरिवली दोनदा झालं – मुलुंडनं काय घोडं मारलंय?"

म्हटलं, तिथे आहे काय?

"एक नवीन निघालंय, स्टेशनजवळ. घरगुती जेवण. फॅमिली रूमला पडदे नाहीत म्हणे, बायकामाणसं सगळी बाहेरच बसतात. नाव 'मृणालिनी भोजनगृह'."

कप खाली ठेवला. म्हटलं, बघतो.

मृणालिनी माझी बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. खानावळ क्षमाची, माझ्या मुलीची, आणि तिच्या नवऱ्याची. मधुकरला यातलं काही ठाऊक नाही. असणार कसं? त्या दोघांशी मी तीन वर्षं एक शब्द बोललेलो नाही.

बायकोचं नाव पाटीवर! भज्यांच्या धुरात टांगलेलं!

१३ जानेवारी

घाटकोपरचा मजकूर दिला. बटाटेवडा: आवरण जाड, आतला बटाटा लगदा झालेला, आल्याचा पत्ता नाही. अळूवडी: तळलेली बरी, पण उकडताना घाई केल्यानं मधली घडी कच्ची, घशाला खवखव. पियूष: दही आंबट, जायफळानं झाकलेलं. झाकलेलं मला कळतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. एका जागी तीनदा जायचं. सकाळी चुलीवरून पहिलं भांडं उतरतं तेव्हा, गर्दीच्या आधी. अन्न ताजं असतानाच त्याचा न्याय. ताटात वाढलेल्या मिठाला हात लावायचा नाही. तिथलं मीठ घेतलं की आपण स्वयंपाक्याची चूक पोटात घातली.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्यांनी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाले. पाक पुढे गेलेला. दाताला चिकटला.

१६ जानेवारी, गुरुवार

गेलो.

जागा स्वच्छ. लाकडी बाकं, धुतलेल्या फरश्या, भिंतीवर मृणालिनीचा फोटो. आमच्या घरी होता तोच, मोठा करून घेतलेला. त्याला ताजा हार. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

सहदेव, क्षमाचा नवरा, स्वतः आला. पूर्वी गोरेगावच्या स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये होता. वडील मालवणकडचे, परळला गिरणीत. मला बघून थबकला. मग रुमाल खांद्यावर टाकून म्हणाला, "या, नाना. जेवणार?"

मी मान हलवली. तो आत गेला. आत भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. बराच वेळ बंद होता. मग पुन्हा सुरू झाला.

क्षमा बाहेर आली नाही.

ताट आलं. आमटी, भात, वालाचं बिरडं, पोळ्या, कोशिंबीर. डावीकडे वर मीठ, लिंबू – वाढण्याची पद्धत मृणालिनीची, तंतोतंत. आमटीचा वास आला आणि एक क्षण वाटलं, काहीच लिहू नये.

मग पहिला भुरका. अळणी!

गोडा मसाला उत्तम, आमसूल बेताचं, गूळ विरघळलेला. आणि मीठ नाही. नावालासुद्धा नाही! असली आमटी म्हणजे नटूनथटून आलेली मुकी बाई.

सगळं संपवलं. काही मागितलं नाही. मी पानावर काही मागत नाही.

१७ जानेवारी

झोप लागली नव्हती नीट. मृणालिनीचा विचार.

आमच्या घरची रीत वडिलांपासूनची. देवाला नैवेद्य, मग कर्त्या पुरुषाचं पान, मग इतर. माझं पान वाढेपर्यंत स्वयंपाक कुणी चाखायचा नाही. मी देवाधर्माचं फारसं मानत नाही. बाहेर तर कुणाच्याही हातचं खातो, धंदाच तो. पण घरात ही शिस्त होती. सत्तावीस वर्षं मृणालिनीनं न चाखता रांधलं. मीठ कणभर इकडेतिकडे झालं नाही. हात शिकलेला होता तिचा. मी जे काही तोलतो ते त्या काट्यावर.

तिची मुलगी, तिच्या फोटोखाली अळणी आमटी वाढते.

१९ जानेवारी, रविवार

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस डोक्यातून जात नाही. क्षमानं माझं पान वाढलं. तूप वाढलं. मग समोर उभी राहून म्हणाली, "नाना, मी सहदेवशी लग्न करणार आहे. बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. तुमच्यामागे काही करायचं नाहीय मला."

मी भरल्या पानावरून उठलो. आयुष्यात एकदाच. म्हटलं, "आता या घरात तुझ्या हातचं मी जेवणार नाही."

ती संध्याकाळी गेली. ताट मात्र झाकून ठेवून गेली होती.

लोकांच्या मुली पळून जातात, चिठ्ठी ठेवतात. हिनं वरणभात वाढून सांगितलं! त्याचाच राग जास्त आला की काय, कोण जाणे.

२१ जानेवारी, मंगळवार

दुसरी खेप. आज आमटी खारट. जिभेच्या कडा आकसल्या. एकाच घरात, एकाच हातचं, पाच दिवसांत हे टोक आणि ते टोक. बिरडंही फार शिजलेलं. वाल आकार धरून असावा आणि जिभेनं दाबला की मोडावा. इथे नुसताच लगदा.

हात धुताना सहदेव पाणी घालायला आला. हळू म्हणाला, "नाना, एक सांगून ठेवतो. रंगाच्या कारखान्यातलं कॅन्टीनचं जेवण आमच्याकडून जायचं बोलणं चाललंय. मिळालं तर ही जागा टिकते, नाहीतर भाडं निघत नाही. तिथले मॅनेजर 'सहकुटुंब' वाचतात."

मी म्हटलं, "म्हणजे गोड लिहू?"

"नाही, नाना. तुम्ही तसं लिहिणार नाही, क्षमा म्हणालीच. नंतर कळलं तर आम्ही लपवलं असं वाटायला नको, म्हणून सांगितलं. बस."

दोघंही सारखीच. सांगून मोकळी होतात. ओझं आपल्या खांद्यावर.

२४ जानेवारी

मधुकरला म्हटलं, मुलुंड नको. बोरिवलीचं तयार आहे.

"नाना, तुम्ही आणि टाळाटाळ? तब्येत बरी आहे ना?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की बाबा रे, ती माझी मुलगी. तोंड उघडलं आणि मिटलं. कशाला? मी तटस्थ आहे. तीस वर्षं हातातल्या शब्दाला कधी वास लागू दिला नाही. मुलगी म्हणून एक ओळ गोड लिहिणार नाही, आणि राग म्हणून एक ओळ कडू लिहिणार नाही. मग सांगायचं काय?

२८ जानेवारी, मंगळवार

तिसरी खेप. आज घावन मागवलं. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय. सहदेवच्या आईची, प्रेमाबाईंची, खासियत म्हणे.

फाटलेलं आलं! मधे भोक, कडा चामड्यासारख्या, एका बाजूला तव्याचा काळा डाग. जाळी कुठे पडलीय, कुठे नाही. आमटी आज पुन्हा अळणी, पहिल्या दिवसापेक्षा थोडी बरी एवढंच.

निघताना मागच्या बाकावर एक जोडपं येऊन बसलं. त्यांच्यासाठी घावनं गेली. लांबून पांढरी, मऊ, चौकोनी घडी घातलेली दिसली. म्हटलं, लांबून सगळंच छान दिसतं.

आत स्वयंपाकघराच्या दाराला पडदा आहे. तो जरा हलला. मी चपला घातल्या.

३० जानेवारी

मजकूर लिहिला. एका बैठकीत. दुरुस्त्या फारशा नाहीत. माझा हात या बाबतीत चांगला शिकलेला आहे.

शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो:

'जागा नीटनेटकी, माणसं सालस, मसाला घरचा. पण तीन दिवसांत आमटीच्या तीन तऱ्हा. घावन तव्याशी झगडून आलेलं. जुन्या घरांतल्या बायका न चाखता मीठ घालत आणि ते कधी चुकत नसे. तो हात वर्षानुवर्षांनी येतो. नाव मोठ्या मायेनं ठेवलेलं दिसतं. हात अजून नावापर्यंत पोचलेला नाही.'

दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नाही. एकही शब्द रागाचा नाही.

शेवटचं वाक्य काढावं का? चांगलं जमलंय. ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं.

मधुकरचा निरोप: "झकास, नाना! असा तटस्थपणा आता कुणाकडे राहिला नाही."

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात मुलुंडहून पत्रं. मधुकर हसत हसत माझ्या टेबलावर टाकून गेला. "वाट लागली तुमची!"

एक बाई लिहितात: 'आम्ही दर शनिवारी सहकुटुंब जातो. असली आमटी माझ्या माहेरीसुद्धा होत नाही. आपल्या लेखकांना ताप वगैरे होता काय?' एक निवृत्त मास्तर: 'घावन फाटके? महाशय, आपण दुसऱ्याच दुकानात शिरला असाल.' तिसऱ्यानं नुसतंच विचारलंय, जीभ कुठून आणलीत?

अशी पत्रं येतात. दुकानदार ओळखीपाळखीच्यांकडून लिहून घेतात, तेही ठाऊक आहे. पण ही तशी वाटत नाहीत. त्या बाईंनी आमसुलाबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. खाल्ल्याशिवाय ते लिहिता येणार नाही.

संध्याकाळी अंधेरी स्टेशनसमोरच्या उडप्याकडे गेलो. इडली-सांबार मागवलं. मीठ, चिंच, हिंग – सगळं वेगवेगळं कळलं. इडलीचं पीठ काल रात्रीचं नसून परवाचं, हेही कळलं. जीभ शाबूत आहे.

मग?

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दारात प्रेमाबाई. सहदेवची आई. पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं. नऊवारी, हातात पिशवी, दम लागलेला. बसा म्हटलं तर उंबऱ्याच्या आत जेमतेम बसल्या.

"नानानू, मी भांडूक येवक नाय. सांगूक इलंय. हयसून गेलंय की परत येवची नाय."

म्हटलं, बोला.

"तो कॅन्टीनवालो नाय म्हणालो. तुमचा लिवलला दाखवल्यान सहदेवाक. महिनो सोपलो की पाटी उतरतली."

मी म्हटलं, "मी जे जेवलो ते लिहिलं."

"तांच सांगतंय! तुमी जेवलास ता दुसऱ्या कोणीच जेवक नाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "रोज ती आमटी चाखता. मीठ बगता, वाल चेपून बगता. तुमी इलास त्या-त्या दिवशी चाखणा नाय. माका सुद्धा चाखूक दिणा नाय. 'नाना बाहेर बसलेत, त्यांचं पान आधी.' तुमचा पान भायर गेला काय मगे चाखता, मीठ घालता, मगे बाकीच्यांक वाडतत."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"आणि घावन! पयला घावन तव्याक धरताच, माज्या आवशीच्या हातचासुद्धा धरी. आमी ता कावळ्याक टाकतंव. हीना ता तुमका वाडल्यान! मी म्हटलंय, गो बाय, बापाशीक फाटका घावन दितंस? म्हणता, 'पहिलं नानांचं. आमच्या घरची रीत ती.'" मग एकदम माझ्याकडे बघून, "ताटात मीठ वाडलला होता मा? जरा घेवक काय झाला होता?"

मी म्हटलं, "मी घेत नाही."

"बरा," म्हणाल्या आणि उठल्या. पिशवीतून दोन नारळ काढून उंबऱ्याशी ठेवले. रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी

पुन्हा लिहितो.

मी नेहमी पहिला जातो. अन्न ताजं असतं म्हणून. बाकी ठिकाणी आचारी पळीभर चाखून मगच पुढे पाठवतो, मला ते कधी लक्षातही आलं नाही. इथे मी पहिला गेलो आणि पहिलाच जेवलो. अख्ख्या मुलुंडात एकच पान न चाखलेलं होतं. तेच माझ्यापुढे आलं. तिनंच मुद्दाम माझ्यापुढे ठेवलं. मानानं!

दुसऱ्या खेपेला खारट का, तेही आता कळतं. पहिल्या दिवशी माझ्यामागे चाखलं असेल, अळणी लागलं असेल. मग अंदाजानं जास्त.

आणि मी ते सगळं संपवत होतो. काही न मागता.

तरीही एक उरतंच. मृणालिनी? ती तर सत्तावीस वर्षं न चाखता करत होती. तिचं कसं चुकलं नाही? म्हणजे हाताचा प्रश्न आहेच. माझं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.

हे लिहून बरं वाटलं. थोडं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मृणालिनीचं श्राद्ध. मालनअक्का गिरगावातून काल रात्रीच आली. माझी थोरली बहीण. मृणालिनी असताना वर्षातले दोन-दोन महिने आमच्याकडे असायची. स्वयंपाक तिनंच केला. श्राद्धाचा म्हणून न चाखता.

गुरुजी जेवून गेले. मग मी बसलो. खिरीत साखर कमी, भाजीत मीठ जास्त, वडे आत कच्चे.

अक्कानं स्वतः घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगो बाई! काय रे हे! भाजी खारट झालीय. बोलायचं नाहीस का?"

"श्राद्धाचं आहे. चालायचंच."

"चालायचंच काय? न चाखता असंच होणार."

"मृणालिनीचं व्हायचं नाही," मी म्हटलं. "तिनं जन्मभर न चाखता केलं. रोज. एकदा चुकलं असेल तर सांग."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती. मग पळी उचलली आणि मोरीवर नेऊन घासायला लागली. ती पळी स्वच्छच होती.

"अक्का, काय?"

"काही नाही रे. जेव तू."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिल्यांदा पद्धत मोडली. मुलुंडला भर दुपारी गेलो, गर्दीत. कोपऱ्यातल्या बाकावर एका कुटुंबाच्या मागे बसलो. सहदेवनं ओळखलं. जवळ येऊन कुजबुजला, "आत सांगू?"

"नको. बाकीच्यांसारखंच वाढ."

वाढ म्हटलं! वाढा नव्हे. त्याच्याही लक्षात आलं असावं. ताट आणायला आत गेला.

ताट आलं. आमटीचा भुरका घेतला.

काय लिहू? मीठ जिथे असायला हवं तिथे. आमसूल मागे उभं, गूळ त्याच्याही मागे. वाल अख्खा, आणि जिभेनं दाबला की मोडतो. घावन पातळ, जाळीदार, दुमडलं तरी तुटत नाही, ओल्या नारळाचा वास. पण हे सगळं मी कुणाच्याही बाबतीत लिहू शकतो. जे लिहिता येत नाही ते असं, की ही माझ्या घरची आमटी होती. चार वर्षांत मिळाली नव्हती ती. त्याच हातची.

म्हणजे हात पोचलेला आहे. तीन दिवसांत तो मला एकदाही दिसला नाही, एवढंच.

समोरच्या कुटुंबातला माणूस बायकोला म्हणत होता, "पेपरवाल्यांना काय कळतं गं? फुकट जेवून शिव्या देतात." फुकट नव्हतो जेवलो.

डोकं खाली घालून सगळं संपवलं. आणखी आमटी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा पानावर काही मागितलं. सहदेवनं वाढली आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

क्षमाला भेटलो नाही. काय तोंडानं भेटायचं? आधी छापून येऊ दे.

१४ फेब्रुवारी

दुसरा मजकूर लिहिला. सगळं लिहिलं – पहिलं पान, रीत, गेलेलं कॅन्टीनचं काम, मी कोण, ती कोण. पुरवणीच्या वेळेआधी मधुकरच्या हातात दिला.

त्यानं वाचला. मग पुन्हा वाचला. खुर्ची मागे सरकवली.

"जावई? नाना, जावई तुमचा? आधी का नाही बोललात?"

"तटस्थ राहायचं होतं."

"आता हे कसं छापू? लोक म्हणतील, सासऱ्यानं आधी भांडून शिव्या दिल्या, आता समेट झाला म्हणून ओवाळतोय. 'सहकुटुंब'वर पुन्हा कोण विश्वास ठेवेल?"

"पण हे खरं आहे."

"असेल ना! तेही खरं होतं, हेही खरं आहे. ते छापता आलं, कारण मला माहीत नव्हतं." मग जरा नरमला. "कॅन्टीनच्या मॅनेजरला मी फोन करू? ओळख काढतो कुठूनतरी."

दुपारी केला. कॅन्टीनचं काम दुसऱ्याला देऊन झालेलं. सोमवारपासून सुरू.

म्हणजे नातं लपवून केलेली निंदा छापण्यासारखी. नातं सांगून केलेली स्तुती टोपलीत. तीस वर्षं याच धंद्यात आहे, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. मजकूर परत घेतला. मधुकर म्हणाला, "चिडलात?" नाही म्हटलं. चिडलो नव्हतोच. चिडून काय, महिनाअखेर पाटी उतरायची ती उतरणारच.

'हात अजून नावापर्यंत पोचलेला नाही.' किती जमलं होतं वाक्य!

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलुंड. दुपारची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळचं पहिलं भांडं उतरायच्या वेळी गेलो, छापलं नाही हे सांगायला. क्षमा स्वतः ताट घेऊन बाहेर आली. तीन वर्षांनी समोर. मी जे सांगायचं ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "मी आलो तेव्हा तू चाखलं नाहीस. तुझी आईही कधी चाखत नव्हती. तिचं कसं गं चुकत नव्हतं?"

ती फोटोकडे बघून म्हणाली, "आई रोज चाखायची, नाना. तुम्ही आंघोळीला गेलात की. मला न्हाणीच्या दाराशी उभी करायची – पाण्याचा आवाज थांबला की सांग म्हणून. आत्यालासुद्धा ठाऊक आहे."

"मग तू का नाही?"

"मला तुमच्यामागे काही करायचं नव्हतं."

ताट तिच्या हातातच होतं. डावीकडे या वेळी मीठ वाढलेलं नव्हतं. म्हटलं, "आधी तू चाख."

उभ्या उभ्या तिनं आमटी चाखली. मग आत जाऊन मीठ घेऊन आली.